कानाशी बोलणारी चकती

आवाज लांब पोहोचविण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. देवळातली घंटा, गडावरची नौबत, चावडीपुढे पिटली जाणारी दवंडी ही सारी त्याच हौसेची लेकरे, आणि दिवाळीच्या पहाटे आपल्या गल्लीत जो फटाक्यांचा धडाका उडतो तो तर त्या हौसेचा कळसच म्हणावयाचा! पण ह्याच माणसाला अगदी उलटी अशी आणखी एक हौस आहे. दूरचा आवाज नेमका आपल्या कानापर्यंत यावा आणि तेथेच थांबावा. शेजारी बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागू नये. ह्या दुसऱ्या हौसेतून जी वस्तू जन्मली, ती म्हणजे हेडफोन. आज ती आपल्या घराघरांत आहे. मुले ती कानांत घालून अभ्यास करतात (निदान तसे सांगतात), आजोबा तिच्यावर भजन ऐकतात, आणि लोकलच्या डब्यात तर बोंड्यांवाचूनचा कान शोधावा लागतो.

मी शाळामास्तर, इतिहास शिकवतो. आमच्या इतिहासात लढाया आणि तह पुष्कळ, परंतु घरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो हे मुलांना कोणी फारसे सांगत नाही. हेडफोनचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतशी एक गोष्ट मला विशेष जाणवली. ही वस्तू आरंभापासून नाजूक आहे, सतत बिघडणारी आहे. आणि म्हणूनच ती वापरणारा माणूस शंभर वर्षे थोडाबहुत कारागीरही होता. यंत्राचे दुखणे ओळखणे हा ऐकण्याचाच एक भाग होता. ते दुखणे ओळखण्याची सवय आपण अलीकडे सोडीत चाललो आहो, आणि त्यात जे जोखमीचे आहे ते यंत्रापुरते नाही. पण ते यथाक्रम येईलच.

दोरीने बांधलेला कान

मूळ यंत्र अगदी साधे आहे. एक लोहचुंबक, त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे, आणि समोर पातळशी लोखंडी चकती. तारेतून येणारा विद्युत्प्रवाह कमीजास्त झाला की चुंबकाची ओढ कमीजास्त होते, चकती थरथरते, आणि ती थरथर हवेतून कानाच्या पडद्यावर जाऊन आदळते. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८७६ साली दूरध्वनीचा हक्क नोंदविला, त्यानंतर थोड्याच काळात ही चकती लोकांच्या कानाशी बोलू लागली.

हात मोकळे ठेवून ऐकण्याची गरज प्रथम पडली ती टेलिफोनच्या कचेरीत. १८७८ च्या सप्टेंबरात बोस्टन येथे एमा नट ही बाई कचेरीत कामाला लागली. टेलिफोन जोडून देणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव सांगतात. समोरच्या फळीवर भोकेच भोके. एका हाताने ह्या गिऱ्हाइकाची तार उचलावी, दुसऱ्या हाताने त्या गिऱ्हाइकाच्या भोकात खुपसावी. तेव्हा ऐकण्याचे नळकांडे धरावयाचे कोणत्या हाताने? म्हणून ते खांद्यावर आणि डोक्यावर बांधण्याच्या युक्त्या निघाल्या. त्या पहिल्या सरंजामाचे वजन काही किलोंच्या घरात जाई. दिवसभर एवढे ओझे वागवून गोड आवाजात ‘कोणता नंबर?’ म्हणून विचारावयाचे, ही सोपी गोष्ट नव्हे.

त्या फळीवरच्या भोकात बसणारी जी पितळी दांडी होती, तिचेच वंशज पुढे सव्वाशे वर्षे आपल्या घरात नांदले. गिटारला किंवा मोठ्या अॅम्प्लिफायरला जोडतात तो पाव इंची प्लग आजही जवळजवळ तसाच आहे. आणि मोबाइलला लावतो तो साडेतीन मिलिमीटरचा प्लग म्हणजे त्याचा धाकटा भाऊ.

कामासाठी झालेल्या वस्तूला करमणुकीची गोडी लागावयास वेळ लागत नाही. १८८१ साली पॅरिसला विजेचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे क्लेमां आदेर ह्या फ्रेंच इंजिनियराने ऑपेराच्या रंगमंचावर टेलिफोनची ग्राहक यंत्रे ठेवली, आणि प्रदर्शनातल्या दालनात लोकांना दोन्ही कानांना दोन नळकांडी लावून गाणे ऐकविले. रंगमंचाच्या डाव्या भागाचा आवाज एका कानात, उजव्या भागाचा दुसऱ्या कानात. गाणारी व्यक्ती मंचावर इकडून तिकडे गेली की ते ऐकणाऱ्याला कानांनीच कळे. १८९० पासून ह्याचा रीतसर धंदा सुरू झाला; हॉटेलांतून पेट्या बसविल्या गेल्या आणि पन्नास सांतीम टाकले की पाच मिनिटे नाटक ऐकावयास मिळू लागले. हा प्रकार १९३२ पर्यंत चालला. १८९१ साली एर्नेस्त मेर्कादिये ह्याने तर थेट कानात बसणारी, रबराच्या टोप्या चढविलेली, जेमतेम पन्नास ग्रॅम वजनाची जोडी काढली होती. आपली मुले ज्याला नवलाई समजतात त्या बोंड्यांचे वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे!

स्वयंपाकघरातला कारखाना

आज आपण जिला हेडफोन म्हणतो ती डोक्यावरच्या पट्टीची जोडी मात्र एका स्वयंपाकघरात जन्मली. अमेरिकेतल्या युटा प्रांतात नॅथानियल बाल्डविन नावाचा एक धार्मिक वृत्तीचा गृहस्थ होता. १९१० साली त्याने अमेरिकन आरमाराला जांभळ्या शाईने लिहिलेले एक पत्र आणि सोबत आपल्या हातची एक जोडी पाठविली. आरमारातल्या अधिकाऱ्यांनी ती जोडी लावून पाहिली आणि ते चकित झाले. बिनतारी संदेशांचा जो क्षीण आवाज त्यांच्या जुन्या नळकांड्यांत येईना, तो हिच्यात स्वच्छ येत होता. त्यांनी मागणी केली, तेव्हा बाल्डविनने कळविले की एका वेळी दहांहून अधिक जोड्यांची मागणी आपणांस स्वीकारता यावयाची नाही, कारण हे सारे काम तो घरच्या स्वयंपाकघरात करीत असे! वजनदार कमानीच्या जागी चामडे चढविलेल्या दोन तारा आल्या. पुढे पहिले महायुद्ध आले, कारखाना उभा राहिला, पैसा आला आणि गेलाही. बाल्डविन १९६१ साली वारला. पण त्याने घालून दिलेला तो घाट आजही मोडलेला नाही.

मांजराची मिशी

आता आपल्याकडे वळू. नभोवाणी सुरू झाली तेव्हा साध्या माणसाच्या घरातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना वीज लागे, ना बॅटरी. गॅलेना नावाचा शिशाच्या खनिजाचा चकाकता खडा, त्यावर टेकविलेली बारीक तार, एक वेटोळे, छपरावर ताणलेली लांब तार आणि कानाला हेडफोन. एवढाच काय तो संसार. त्या बारीक तारेला इंग्रजीत ‘मांजराची मिशी’ असे लाडके नाव होते. बिनतारी लहरी ओळखण्यासाठी गॅलेनाचा उपयोग करण्याचा हक्क आपल्या जगदीशचंद्र बोसांनी १९०१ साली अमेरिकेत मागितला आणि १९०४ साली तो त्यांना मिळाला, ही गोष्ट प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवी.

मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते झाले. केंद्राची शक्ती दीड किलोवॅट, आणि त्याची पोहोच सुमारे तीस मैलांची. ह्या आकड्यांत एक काव्य दडलेले आहे ते असे: क्रिस्टल सेटमध्ये आवाज वाढविणारे काहीच नसते. ऐकणाऱ्याच्या कानाशी जी चकती थरथरे, ती मुंबईहून हवेतून आलेल्या शक्तीवरच थरथरे. गाणाऱ्याचा श्वास आणि ऐकणाऱ्याचा कान ह्यांच्यात घरची वीज कोठेच नसे. म्हणूनच त्या हेडफोनच्या वेटोळ्याला केसासारख्या तारेचे हजारो वेढे असत. इतक्या अल्प शक्तीने चकती हलवावयाची तर दुसरा इलाज नव्हता.

आणि म्हणूनच ऐकणे हे कसबाचे काम होते. खड्यावर सगळीकडे सारखा गुण नसे. मिशीचे टोक हलक्या हाताने इकडे टेकवावे, तिकडे टेकवावे, श्वास रोखून ऐकावे. एका सुईच्या अग्राएवढ्या जागेवर एकदम आवाज उमटे. कोणी दार आपटले की ती जागा हुकलीच, आणि पुन्हा शोध सुरू! हेडफोनही तसाच मानी. खाली पडला की चुंबक दुबळे होई, चकती वाकली की आवाज फाटे, दमट हवेत तारेला हिरवा गंज चढे. त्या जोडीची परीक्षा करण्याची एक घरगुती युक्ती अशी: दोन निरनिराळ्या धातूंची नाणी घ्यावीत, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेला कागद ठेवावा, आणि हेडफोनच्या दोन तारा दोन नाण्यांना लावाव्या. जोडी चांगली असेल तर त्या इवल्याशा विजेनेही कानात स्पष्ट ‘टक्’ होते. न झाल्यास तार तुटली असे समजावे.

एकाच्या कानासाठी केलेली ही वस्तू घरातल्या माणसांनी वाटून घेतली हेही सांगितले पाहिजे. त्या काळी देशोदेशीच्या घरांत लोक हेडफोन एका मोठ्या वाडग्यात उपडा ठेवीत. वाडग्याच्या पोकळीत तो आवाज थोडा घुमे, आणि चार डोकी त्याभोवती जवळजवळ येऊन ऐकत. ते जमले नाही तर जोडी सोडवून एक कान थोरल्याला, एक धाकट्याला.

पुढे ध्वनिवर्धक आले, रेडिओ दिवाणखान्यात ऐटीने बोलू लागला आणि हेडफोन मागे पडला. तो उरला वैमानिकांच्या, बिनतारी संदेश ऐकणाऱ्यांच्या आणि युद्धातल्या शिपायांच्या डोक्यावर. १९४४ साली इटलीतल्या अँझियोच्या आघाडीवर अमेरिकन शिपायांनी खंदकात बसून दाढीचे पाते, पेन्सिलीचे शिसे आणि एक हेडफोन एवढ्यावर रेडिओ उभा केला होता. पाते खड्याचे काम करी आणि शिसे मिशीचे. ज्याला वस्तू आतून ठाऊक असते तो कशातूनही ती पुन्हा उभी करतो, ह्याचा याहून चांगला दाखला मला तरी आढळला नाही.

रस्त्यावर आलेले गाणे

युद्धानंतरची कथा परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३७ साली बर्लिनच्या ऑयगेन बायरने नव्या रचनेची जोडी काढली होती. तिच्यात लोखंडी चकती जाऊन तिच्या जागी हलका पडदा आला आणि वेटोळे त्या पडद्यालाच चिकटून थरथरू लागले. आवाज मऊ आणि भरदार झाला. १९५८ साली अमेरिकेत मिलवॉकी येथे जॉन कॉस ह्याने संगीतासाठी दोन्ही कानांत निराळा आवाज देणारी जोडी प्रदर्शनात मांडली. त्याला खरे तर ध्वनिमुद्रिका वाजविण्याचे एक सुटसुटीत यंत्र खपवावयाचे होते. लोक यंत्र सोडून हेडफोनच्याच मागे लागले.

१ जुलै १९७९ रोजी जपानात सोनी कंपनीचा वॉकमन बाजारात आला, आणि गाणे माणसाबरोबर रस्त्याने चालू लागले. त्याच्या जोडीचे वजन पन्नास ग्रॅमांच्या आसपास होते. पहिल्या महिन्यात तीस हजारांपैकी जेमतेम तीन हजार खपले. आणि ऑगस्ट संपावयाच्या आत सगळे संपले. कंपनीचे अकिओ मोरिता ह्यांना एकट्याने ऐकत बसणे शिष्टाचाराला सोडून वाटत होते. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोके ठेवली होती, आणि शेजाऱ्याशी बोलता यावे म्हणून गाणे हळू करणारे एक नारिंगी बटणही! गिऱ्हाइकांना दोन्हींची फारशी गरज वाटली नाही; पुढच्या नमुन्यांतून ती गळाली. शिष्टाचाराची ही माघार मला मोठी बोलकी वाटते.

आपल्याकडे वॉकमन पोहोचला तो बहुधा आखातातून आलेल्या काका-मामांच्या बॅगेतून. वस्तू महाग, म्हणून बिघडली तर टाकण्याचा प्रश्नच नसे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही आमची इस्पितळे. तेथला कारागीर हेडफोन हाती घेऊन आधी प्लगपाशी तार वाकवून पाही, कारण तार शंभरातल्या बहुतेक वेळा मधे तुटत नाही. जेथे ती ताठ प्लगमध्ये शिरते तेथे रोज वाकून वाकून तुटते. मग ब्लेडने तो तुकडा कापावयाचा, तारांवरचा लाखेचा लेप खरवडावयाचा, नव्या प्लगला डाख द्यावयाचा.

ह्या प्लगाचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. त्याच्या दांडीवर काळी कडी असतात. त्यांनी तिचे तीन भाग होतात: टोक डाव्या कानाचे, मधला पट्टा उजव्याचा, आणि बूड दोघांचे सामाईक. टोकाची तार तुटली तर डावा कान मुका होतो, हे सरळच आहे. पण सामाईक तार तुटली तर गंमत होते. दोन्ही कान एकमेकांना जोडले जातात आणि दोन्ही बाजूंना जे सारखे आहे ते एकमेकांत नाहीसे होते. गायिकेचा आवाज बहुधा मध्यभागी मुद्रित केलेला असतो. तोच नेमका गडप होतो, आणि वाद्ये तेवढी विहिरीच्या तळाशी वाजल्यासारखी ऐकू येतात. अशा वेळी पुष्कळांना वाटते की गाणेच वाईट उतरले आहे. जाणता माणूस फक्त प्लग किंचित वाकवून पाहतो.

बिनतारी दिवस

मग तार गेली. २०१६ च्या सप्टेंबरात अॅपल कंपनीने आपल्या नव्या फोनवरचे ते भोकच बुजविले, आणि कानांत दोन सुटी बोंडे घालून जग हिंडू लागले. तार गेल्याने सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही. पोळ्या लाटताना कीर्तन ऐकणाऱ्या गृहिणीला विचारा! विमानाची घरघर मारणारे हेडफोन हीही मोठी कामगिरी. बंगालमधून अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचे चिरंजीव अमर बोस ह्यांना १९७८ साली युरोपहून परतताना विमानात ती कल्पना सुचली: बाहेरचा आवाज टिपावयाचा, त्याच्या नेमकी उलट लहर निर्माण करावयाची, आणि लाटेच्या उंचवट्यावर खळगा घालून दोन्ही सपाट करावयाच्या. वैमानिकांसाठी तशी जोडी १९८९ साली निघाली.

परंतु ह्या बोंड्यांच्या आत एक इवलीशी बॅटरी डिंकाने बंद केलेली असते. दोन-तीन वर्षे रोज भरली-रिती केली की ती थकते. मग पडदा ठणठणीत, चुंबक ठणठणीत, आणि जोडी कचऱ्यात. तपकीर गल्लीतल्या कारागिराच्या हातात डाखाची सळई आहे, पण शिरावयाला फट नाही. जगाला ह्याची जाणीव होऊ लागली आहे हे खरे. आपल्या सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ काढले. युरोपात वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी बदलता यावी असा कायदा २०२३ साली झाला. २०२४ साली फेअरफोन ह्या डच कंपनीने बॅटरी बदलता येणारी बोंडेही काढली. तरी अजून बहुतेक घरांत ‘एका कानात येत नाही’ ह्याचे उत्तर ‘नवीन मागवू’ एवढेच आहे.

मला ह्यात पैशाच्या नासाडीहून निराळी एक भीती वाटते. एका कानात आवाज कमी येऊ लागला की जुना माणूस पहिली गोष्ट करी ती ही, की जोडी उलटी लावून पाही. डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. दोष जोडीबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर दोष यंत्रात. बोंड्याच्या जाळीत मळ साचला असेल. ती खाली तोंड करून कोरड्या मऊ ब्रशाने झटकावी, पाणी लावू नये. पण दोष जेथल्या तेथे, त्याच कानात राहिला तर? तर दोष यंत्रात नाही. मग प्लग वाकवून उपयोग नाही आणि नवीन जोडी मागवूनही नाही. कानाच्या डॉक्टराकडेच जावयास हवे. बिघाड शोधण्याची सवय गेली की हा साधा प्रश्नच कोणी विचारीत नाही. मुलगा आवाज आणखी दोन घरे वर चढवितो आणि गाणे पुढे चालू राहते.

आपल्या कानाच्या आत शंखासारखे एक वेटोळे आहे. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात, मग मरतात. कोंबडीच्या कानात अशा पेशी पुन्हा उगवतात असे शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात आढळले. माणसाच्या कानात त्या उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली मर्यादा अशी आहे की ऐंशी डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्यात चाळीस तासांपर्यंत ऐकावा. नव्वद डेसिबल झाला तर अवघे चार तास. जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांचे कान ह्या सवयीने धोक्यात आहेत, असेही तिचे म्हणणे आहे. वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा ‘काय म्हणालात सर?’ असे तिसऱ्यांदा विचारतो, तेव्हा पूर्वी मास्तर त्याला बेपर्वा म्हणत. मी हल्ली त्याला दोन्ही कानांनी वेगवेगळे ऐकून पाहावयास सांगतो आणि घरी चिठ्ठी पाठवितो.

दिवाळीच्या सुट्टीत घर आवरताना जुन्या पेटीच्या तळाशी वेटोळे होऊन पडलेली एखादी हेडफोनची जोडी सापडेल. ती टाकू नका. मुलांना जवळ बसवून तिची टोपी उघडा, चुंबक दाखवा, केसासारखी तार दाखवा. प्लगापाशी वाकवून कोठे आवाज येतो-जातो ते त्यांनाच शोधू द्या. जमल्यास जोडी वाडग्यात उपडी ठेवून सगळ्यांनी मिळून एक गाणे ऐका. आणि सर्वांच्या शेवटी प्रत्येकाने ती एकदा सुलट आणि एकदा उलट लावून पाहावी. आजोबांनी पाहावी, आणि नातवानेही.